शेक किती, मशीन कोणतं : किरणोपचारांबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न

रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकावर, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न वारंवार विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं विभागात डोसचा हिशोब आणि मशीनचं काम पाहणाऱ्या एका फिजिसिस्टने लिहिली आहेत. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या केसबद्दल काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, कारण तुमचे रिपोर्ट त्यांनी पाहिलेत, मी नाही.

१. शेक देतात म्हणजे आतून भाजतात का?

नाही. रेडिएशनला सगळे "शेक" म्हणतात, पण उष्णतेचा इथे काही संबंध नाही. एका दिवसाच्या नेहमीच्या डोसने त्या भागाचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. काम होतं ते पेशीतल्या डीएनएवर. १ ग्रे (डोसचं एकक, पाहा प्रश्न २) डोसमागे प्रत्येक पेशीत डीएनएच्या धाग्याला सुमारे हजार एकेरी तुटी पडतात आणि तीस-चाळीस ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. एकेरी तुटी पेशी सहज सांधते. दुहेरी तुट नीट सांधली गेली नाही तर पुढच्या विभाजनाच्या वेळी पेशी मरते.

म्हणूनच पहिल्या आठवड्यात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. "मशीन चालू होतं ना हो?" असं विचारणारे काका दर महिन्याला एक तरी भेटतात. चालू असतं. त्वचा काळवंडणं, घसा दुखणं हे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि गाठ तर शेक संपल्यानंतरही काही आठवडे आकसत राहते.

२. फाइलवर "६० ग्रे / ३० फ्रॅक्शन" लिहिलंय. याचा अर्थ काय?

ग्रे हे डोसचं एकक आहे. एक किलो वजनाच्या ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की तो १ ग्रे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावावरून हे एकक १९७५मध्ये ठरलं. त्याआधी "रॅड" वापरत. १ ग्रे म्हणजे १०० रॅड किंवा १०० सेंटीग्रे. काही रुग्णालयांत आजही "६००० सेंटीग्रे" असं लिहितात, तो आकडा बघून घाबरू नका, ते ६० ग्रेच.

फ्रॅक्शन म्हणजे एक दिवसाचा शेक. ६० ग्रे ३० फ्रॅक्शनमध्ये म्हणजे दररोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, एकूण सहा आठवडे.

३. चार-पाच ग्रे अंगावर पडले तर माणूस दगावतो असं वाचलं. मग वडिलांना ७० ग्रे कसे देणार?

वाचलेलं खरं आहे, पण ते संपूर्ण शरीरावर एकाच वेळी पडलेल्या डोसबद्दल आहे. तेव्हा अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा गाभा) कोलमडते आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं वाचत नाहीत. वडिलांना मिळणार आहेत ते ७० ग्रे फक्त जिभेच्या किंवा घशाच्या ठरावीक भागाला आणि तेही सात आठवड्यांत. छातीच्या किंवा कंबरेच्या हाडांतल्या अस्थिमज्जेपर्यंत त्यातलं जवळपास काही पोहोचत नाही.

अपवाद एक आहे. काही अस्थिमज्जा प्रत्यारोपणांपूर्वी मुद्दाम संपूर्ण शरीराला शेक देतात, साधारण १२ ग्रे, तीन-चार दिवसांत विभागून. तिथे मज्जा रिकामी करणं हाच हेतू असतो आणि लगेच नवी मज्जा दिली जाते.

४. रोज रोज बोलावण्यापेक्षा एकदाच सगळा डोस का देत नाहीत?

निरोगी पेशी डीएनएची दुरुस्ती बऱ्यापैकी करते. तिला त्यासाठी काही तास लागतात. कॅन्सरच्या बहुतेक पेशी या दुरुस्तीत कच्च्या असतात. रोज थोडा डोस देऊन मध्ये रात्र जाऊ दिली की हा फरक दिवसागणिक वाढत जातो. शिवाय गाठीच्या मध्यभागी प्राणवायू कमी असतो आणि प्राणवायू कमी असेल तर किरणांचा परिणामही कमी होतो. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांपर्यंत रक्त पोहोचतं आणि पुढचा शेक त्यांना गाठतो.

काही ठिकाणी मात्र कमी दिवसांत मोठे डोस देता येतात. फुप्फुसातली छोटी गाठ असेल तर तीन ते पाच दिवसांत संपूर्ण उपचार होतात, कारण तिथे मिलिमीटरच्या अचूकतेने नेम धरता येतो आणि निरोगी ऊती बाजूला राहतात. हाडाच्या दुखण्यासाठी एकच शेक देतात त्याचं कारण वेगळं आहे, ते प्रश्न १७मध्ये.

५. माझ्या जावेला स्तनाच्या कॅन्सरसाठी २५ शेक दिले होते. मला १५ सांगितलेत. आणि मैत्रीण म्हणते लंडनला पाचच देतात. मला कमी डोस देतायत का?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्यावर जरा निवांत लिहितो.

ग्रेचे आकडे सरळ बेरजेने तोलता येत नाहीत. रोजचा डोस वाढला की प्रत्येक ग्रेचा जैविक परिणामही वाढतो. म्हणून एकूण आकडा कमी करावा लागतो. जुनी पद्धत ५० ग्रे, २५ शेक. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की ४० ग्रे १५ शेकांत दिले तरी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढत नाही. पुढे फास्ट-फॉरवर्ड नावाच्या चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्ण होते, त्यातल्या एका गटाला २६ ग्रे पाच शेकांत, म्हणजे एका आठवड्यात, देऊन पाहिले. २०२०मध्ये आलेल्या पाच वर्षांच्या निकालात हा आठवडा त्या तीन आठवड्यांच्या तोडीचा ठरला.

हिशोब असा करतात : त्वचेखालचा थर, स्नायू यांच्यासारख्या सावकाश प्रतिसाद देणाऱ्या ऊतींसाठी १५ शेकांतले ४० ग्रे हे रोज २ ग्रेच्या हिशोबाने सुमारे ४५ ग्रेइतके पडतात आणि पाच शेकांतले २६ ग्रे सुमारे ४३ इतके. म्हणजे २६ हा आकडा दिसतो त्यापेक्षा खूप भारी आहे.

मग सगळ्यांना पाचच का नाहीत? त्या मुख्य चाचणीत काखेतल्या आणि गळ्याजवळच्या गाठींना शेक द्यायची गरज असलेल्या रुग्ण नव्हत्या. स्तनाची पुनर्रचना झालेली असेल तरी डॉक्टर विचार करतात. तुम्हाला १५ सांगितलेत ते आज जगभर रूढ असलेलं प्रमाण आहे. आणि जावेचे २५ चुकीचे नव्हते, तेव्हा तेच प्रमाण होतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर गावाहून येऊन राहणाऱ्या बाईचे दहा शेक वाचणं हे कुठल्याही महागड्या मशीनपेक्षा मोठं काम आहे.

६. डॉक्टरांनी शेक ठरवला, पण सुरू व्हायला दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. इतके दिवस काय करतात?

पहिल्या दिवशी सिम्युलेशन होतं : ज्या स्थितीत रोज झोपायचं त्याच स्थितीत सीटी स्कॅन. डोकं-मान असेल तर आधी मास्क बनतो. प्लास्टिकची एक पांढरी जाळीदार शीट सत्तरेक अंश गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकतात. दोन-तीन मिनिटांत ती पारदर्शक आणि लिबलिबीत होते. मग ती टिपून चेहऱ्यावर ओढतात आणि नाकाच्या, हनुवटीच्या आकारावर बोटांनी दाबून बसवतात. कोमट टॉवेल ठेवल्यासारखं वाटतं. पुन्हा पांढरी झाली की घट्ट झाली. भोकांतून श्वास घेता येतो. बंद जागेची भीती वाटत असेल तर त्याच वेळी सांगा, डोळ्यांपुढचा भाग कापून देता येतो. छातीवर किंवा पोटावर मात्र बारीक टिपके गोंदतात किंवा शाईच्या खुणा करतात. शाईच्या खुणा साबणाने घासायच्या नाहीत.

त्यानंतर तुम्ही घरी, आणि आमचं काम सुरू. डॉक्टर स्कॅनच्या प्रत्येक कापावर गाठ रेखतात, तिच्याभोवती न दिसणाऱ्या पेशींसाठी जागा सोडतात आणि रोजच्या हालचालीसाठी आणखी काही मिलिमीटर. पाठीचा कणा, डोळे, लाळग्रंथी, आतडी असे वाचवायचे अवयवही रेखतात. त्यावर प्लॅन बनतो, तो दुसरी व्यक्ती तपासते, मग मशीनवर तुमच्याऐवजी मोजमापाचं उपकरण ठेवून तो प्लॅन एकदा चालवून पाहतात. याच दिवसांत दातांचं काम उरकायचं असतं (प्रश्न १२).

७. आमच्याकडे कोबाल्ट मशीन आहे, पुण्यात लिनॅक आहे. कोबाल्ट जुनं म्हणून वाईट का?

कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू. त्यातून सतत गॅमा किरण निघतात, मशीन फक्त झडप उघडतं आणि मिटतं. लिनॅकमध्ये धातूचा स्रोत नसतो. विजेवर इलेक्ट्रॉन वेगाने पळवून टंगस्टनवर आदळवतात आणि क्ष-किरण तयार होतात. बटण बंद, किरण बंद.

फरक खरा आहे. लिनॅकच्या ६ एमव्ही (एमव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप) किरणांचा सर्वाधिक डोस त्वचेखाली दीड सेंटीमीटरवर पडतो, कोबाल्टचा अर्ध्या सेंटीमीटरवर, त्यामुळे कोबाल्टने त्वचेला त्रास जास्त आणि खोलवर पोहोच कमी. किरणांची कडाही थोडी पसरट असते. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोत महिन्याला सुमारे एक टक्का मंदावतो आणि तेवढाच शेकाचा वेळ वाढतो. याउलट, वीज जाणं, एसी बिघडणं यांचा त्याला फारसा फरक पडत नाही. याच विचाराने भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट मशीन बनवलं. पहिलं २००५मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात बसलं आणि पुढे व्हिएतनामसारख्या देशांनाही भारताने ते दिलं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी किंवा हाडाच्या दुखण्यासाठी जवळच्या कोबाल्टवर वेळेत पूर्ण झालेला उपचार मी लांबच्या लिनॅकवरच्या अर्धवट उपचारापेक्षा नेहमीच पसंत करेन. पण घसा, मेंदू, प्रोस्टेट यांच्यासाठी लिनॅक मिळत असेल तर तिकडे जा.

८. आयएमआरटी, व्हीमॅट, आयजीआरटी, सायबरनाइफ... यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

ही एकाच शिडीच्या पायऱ्यांची नावं नाहीत. आयएमआरटी म्हणजे किरणांच्या वाटेत धातूच्या बारीक पट्ट्या पुढेमागे सरकवून डोसला गाठीचा आकार देणं. तेच काम मशीन तुमच्याभोवती फिरता फिरता केलं की व्हीमॅट, वेळ कमी लागतो. आयजीआरटी म्हणजे शेक देण्याआधी टेबलावरच स्कॅन घेऊन जागा जुळवणं, ते वरच्या दोन्हींसोबत चालतं. सायबरनाइफ, टोमोथेरपी, ट्रूबीम ही मशीनची नावं आहेत.

या तंत्रांनी काय मिळतं, तर बहुतेक वेळा त्रास कमी होतो. कॅन्सर बरा होण्याचं प्रमाण तंत्रामुळे फारसं बदलत नाही. घशाच्या रुग्णांवरच्या पारस्पोर्ट या ब्रिटिश चाचणीत (२०११) वर्षभरानंतर तोंडाची बरीच कोरड राहिलेले जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, आयएमआरटीत ३८ टक्के. कारण कानापुढची लाळग्रंथी सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवता आली. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या पार्सर चाचणीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रियेनंतर शेक घेतलेल्या ३०० बायका होत्या. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र त्रास साध्या पद्धतीत ४२ टक्क्यांना, चित्र पाहून दिलेल्या आयएमआरटीत २१ टक्क्यांना. कॅन्सरवरचा ताबा दोन्हीकडे सारखाच.

डाव्या स्तनासाठी मात्र तंत्राहून सोपी युक्ती कामाला येते : खोल श्वास घेऊन वीस-एक सेकंद रोखायचा. फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं आणि तेवढ्यात शेक देतात. सराव दोन दिवस घरी करून या.

मशीनचा ब्रँड विचारण्यापेक्षा हे विचारा : रोज स्कॅन घेऊन जागा तपासणार का? प्लॅन दुसरं कोणी पाहणार का? माझे शेक अडले तर भरपाई कशी करणार?

९. प्रोटॉन थेरपीसाठी घर गहाण ठेवायची तयारी आहे. करू का?

थांबा. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, गाठीच्या पुढेही डोस सांडत जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो आणि थांबताना आपली बरीचशी ऊर्जा तिथेच सोडतो. गाठीपलीकडे जवळजवळ काही नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी ही कल्पना १९४६मध्येच मांडली होती.

याचा खरा फायदा लहान मुलांना आहे, कारण वाढत्या हाडांवर आणि मेंदूवर पडणारा अनावश्यक डोस टळतो. तसाच कवटीच्या तळाशी किंवा कण्यालगत असलेल्या काही ट्यूमरमध्ये. स्तन, प्रोस्टेट, गर्भाशयमुख यांच्या नेहमीच्या रुग्णाला चांगल्या लिनॅकवर जे मिळतं त्याहून फार काही जास्त मिळेल असं आज ठामपणे म्हणता येत नाही. देशात चेन्नईच्या अपोलोमध्ये २०१९पासून आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३पासून प्रोटॉन उपलब्ध आहे. ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचंच केंद्र. मुलासाठी विचार करत असाल तर आधी तिथल्या ओपीडीत कागद दाखवा. मोठ्यांसाठी, घर गहाण ठेवण्याआधी दुसरं मत घ्या.

१०. रोज अर्धा लिटर पाणी पाजून पाऊण तास लघवी रोखायला लावतात. हा काय छळ?

मूत्राशय भरलेलं असलं की ते आतड्यांना वर ढकलतं आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. प्रोस्टेट आणि गर्भाशयमुख दोन्हींत हेच. प्लॅन ज्या दिवशीच्या स्कॅनवर बनला त्या दिवशी मूत्राशय जेवढं भरलेलं होतं, रोज साधारण तेवढंच हवं. कमी चालत नाही तसं खूप जास्तही चालत नाही. पोट साफ नसेल, वायू भरला असेल तरी प्रोस्टेट सरकतं. टेबलावरच्या स्कॅनमध्ये हे दिसतं आणि "उठा, जरा फिरून या" असं सांगितलं जातं. रागावू नका.

११. शेक घेऊन आल्यावर नातवाला कडेवर घेऊ का? त्याला किरण लागतील का?

घ्या. लिनॅक किंवा कोबाल्टने बाहेरून शेक घेतल्यावर अंगात काहीही उरत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, काही नको. आतल्या शेकातही (प्रश्न १५) स्रोत मशीनमध्ये परत जातो, त्यामुळे तिथेही हेच.

दोन अपवाद. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ प्यायला दिलं असेल तर ते औषध खरोखर अंगात असतं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं, संडास दोनदा फ्लश करायचा, नेमके दिवस रुग्णालय लिहून देतं. ल्युटेशियम-१७७चं इंजेक्शन घेतलेल्यांनाही तशाच सूचना मिळतात.

१२. शेक जबड्याला आहे, पण आधी चार दात काढायला सांगितले. दात तर दुखतही नाहीत!

जबड्याच्या हाडाला मोठा डोस मिळाला की त्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. पुढे कधी दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं. हा त्रास शेकानंतर पाच-दहा वर्षांनीही होतो. म्हणून किडलेले, हलणारे दात आधीच काढतात आणि जखम भरायला दोनेक आठवडे देतात. शेकानंतर कधीही दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला डोसचा कागद दाखवल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

आणि हो, मिश्री, तंबाखू, गुटखा, बिडी : बंद. "सवय आहे, थोडीशीच लावते" हे आजींकडून रोज ऐकतो. शेक चालू असताना धूम्रपान केलं तर उपचाराचा परिणामही घटतो आणि तोंडही जास्त सोलवटतं.

१३. त्वचेवर हळद, खोबरेल, कोरफड लावलं तर चालेल?

विभागाने दिलेल्या मलमाशिवाय काही लावू नका, शेकाच्या आधी तर नाहीच, कारण जाड थर राहिला की त्वचेवरचा डोस वाढतो. हळदीने खुणा पुसट होतात आणि त्वचेचा रंग बदलला की लाली ओळखता येत नाही. साधं पाणी, सौम्य साबण, सुती सैल कपडे. काखेत शेक असेल तर वस्तरा नको. दागिन्यांचं म्हणाल तर शेकाच्या भागात मंगळसूत्र किंवा साखळी काढून ठेवा, रोज घालण्या-काढण्यात वेळ जातो.

१४. गिळता येत नाही, वजन सहा किलो उतरलंय. मास्क सैल झालाय. सांगू की सहन करू?

सांगा. आजच सांगा. गाल उतरले की चेहरा मास्कमध्ये हलतो आणि गाठीसाठी बनलेला प्लॅन लाळग्रंथीवर किंवा कण्यावर सरकू शकतो. कण्यातल्या मज्जारज्जूला नेहमीच्या पद्धतीने ४५ ते ५० ग्रेची मर्यादा असते, तिथे काही मिलिमीटर फार मोठे असतात. असं झालं तर नवा मास्क, नवा स्कॅन आणि नवा प्लॅन करतात. गरज पडली तर नाकातून नळी घालून खाणं सुरू करतात. नळीला घाबरून उपाशी राहणारे रुग्णच पुढे शेक अर्धवट सोडतात. मिरची, मसाला, गरम चहा बंद. पातळ मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, अंडं, दूध. जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

१५. आईला २५ शेक झाले, आता "आतला शेक" सांगितलाय. गरज आहे का?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आहे आणि तो टाळणं ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. संपूर्ण ओटीपोटाला बाहेरून ४५ ते ५० ग्रेच्या वर गेलं तर आतडी, मूत्राशय, गुदाशय यांना ते झेपत नाही. गाठीला त्याहून खूप जास्त हवं असतं. म्हणून गर्भाशयात बारीक नळ्या ठेवून त्यातून इरिडियम-१९२चा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत काही मिनिटांसाठी आत पाठवतात. स्रोतापासून थोडं लांब गेलं की डोस झपाट्याने उतरतो, त्यामुळे गाठीला भरपूर आणि शेजाऱ्यांना कमी. बाहेरचे २५ शेक (४५ ग्रे) आणि आतले ७ ग्रेचे चार मिळून रोज २ ग्रेच्या हिशोबाने सुमारे ८४ ग्रे होतात. केवळ बाहेरून हा आकडा गाठता येत नाही, कितीही भारी मशीन असलं तरी.

नळ्या बसवताना भूल किंवा वेदनाशामक देतात. बाहेरचा आणि आतला मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत संपायला हवा. "आई थकली आहे, महिनाभराने येतो" असं करू नका.

१६. मध्येच लग्न, गणपती किंवा मशीन बंद. दोन-तीन दिवस चुकले तर काय बिघडतं?

डोक्या-मानेच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बिघडतं. तीन-चार आठवड्यांनंतर वाचलेल्या कॅन्सरपेशी झपाट्याने वाढू लागतात. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की गाठीवर ताबा मिळण्याची शक्यता साधारण एक टक्क्याहून थोडी जास्त घसरते. आठवडा गेला की हिशोब तुम्हीच करा. शेवटी दोन शेक जास्त दिले म्हणून तो वेळ परत मिळत नाही.

भरपाईचे मार्ग आहेत : शनिवारी शेक, किंवा एका दिवशी दोन शेक, मध्ये किमान सहा तास ठेवून (निरोगी पेशींच्या दुरुस्तीसाठी, प्रश्न ४). मशीन बिघडलं तर विभागाने स्वतःहून हे सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा, संकोच नको. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या शेकात एखाद-दुसरा दिवस इतका जड जात नाही. पण तेही ठरवायचं काम डॉक्टरांचं, मामाच्या मुलाच्या लग्नाचं नाही.

१७. वडिलांना कंबरेच्या हाडासाठी एकच शेक दिला. डॉक्टरांनी आशा सोडली का?

एकच शेक आणि आशा सोडणं यांचा संबंध नाही. हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं कमी करायला ८ ग्रेचा एक शेक हा पाच किंवा दहा शेकांइतकाच आराम देतो, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. इथे गाठ कायमची मारायची नसते. पहिले दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, मग एक ते चार आठवड्यांत आराम पडतो. काहींना पुढे पुन्हा शेक लागतो, तो देता येतो. हाड मोडण्याच्या बेतात असेल किंवा मज्जारज्जू दबत असेल तर गोष्ट वेगळी. पाय अचानक लुळे पडले, लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

१८. पेसमेकर असेल तर? आणि मूल व्हायचं असेल तर?

पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत कार्ड दाखवा. शक्यतो उपकरणावर २ ग्रेपेक्षा कमी डोस पडेल आणि १० एमव्हीपेक्षा जास्त ऊर्जेचे किरण वापरले जाणार नाहीत असं बघतात. मध्ये मध्ये पेसमेकर तपासतात.

मुलाचा विचार असेल तर शेकाआधी बोला, नंतर नाही. ओटीपोटाच्या शेकाने बीजकोष कायमचे थांबतात, गर्भाशयमुखाच्या शेकानंतर पाळी जाते. पुरुषांनी वीर्य आधी साठवून ठेवावं. काही तरुणींमध्ये बीजकोष शस्त्रक्रियेने वर सरकवता येतात. गरोदर असण्याची शंका असेल तर सिम्युलेशनच्या सीटीआधीच सांगा.

१९. शेकामुळेच पुढे दुसरा कॅन्सर होतो म्हणे?

होऊ शकतो, पण क्वचित आणि बहुधा दहा वर्षांनंतर. साठीच्या रुग्णात आत्ताचा कॅन्सर हा त्याहून कितीतरी मोठा धोका असतो. लहान मुलं आणि विशीतल्या मुलींच्या बाबतीत मात्र हा विचार खरोखर केला जातो. किशोरवयात छातीला शेक घेतलेल्या मुलींची स्तनतपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करतात.

२०. मशीनने चुकून जास्त डोस दिला तर? कोण बघतं?

जगात अशा दुर्घटना घडल्या आहेत. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका-कॅनडात थेरॅक-२५ या मशीनच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषाने सहा रुग्णांना प्रचंड डोस बसला. त्यातूनच आजचे बरेच कडक नियम आले. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय मशीन चालवता येत नाही. विभागात मंडळाने मान्यता दिलेला किरणसुरक्षा अधिकारी लागतो. पहिला रुग्ण यायच्या आधी, सकाळी मशीनचा डोस रोज मोजतात. ठरलेल्यापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त फरक आला तर शेक थांबवून कारण शोधतात. कर्मचाऱ्यांच्या खिशाला लावलेला छोटा बिल्ला त्यांच्या स्वतःच्या डोससाठी असतो. त्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (किरणांचा शरीराला असलेला धोका मोजायचं एकक) मर्यादा आहे.

२१. मुंबईत राहायची सोय आणि खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांची पॅकेजेस आहेत. नोंदणीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शेक सुरू होण्याआधी भेटा, मध्येच भेटलात तर कागदांची ओढाताण होते. टाटाजवळ राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अनेकांना माहीत आहेत. दोन्हीकडे रांग असते, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घेऊन जा. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा ठरावीक नमुना लागतो.

२२. त्याच जागी कॅन्सर परत आला. पुन्हा शेक देता येतो का? आणि जुने कागद कुठून आणू?

कधी कधी येतो. निरोगी ऊती पहिला डोस पूर्णपणे विसरत नाहीत. मधली वर्षं जितकी जास्त, तितकी थोडी जास्त मोकळीक मिळते. कणा, डोळ्याच्या नसा, आतडी यांना आधी किती मिळालं ते कळल्याशिवाय कोणी जबाबदार डॉक्टर पुढे जाणार नाही. "मानेला ३३ शेक झाले होते" एवढ्याने भागत नाही.

म्हणून उपचार संपताच हे घ्या : एकूण डोस, शेकांची संख्या, पहिली आणि शेवटची तारीख लिहिलेली समरी, आणि प्लॅनची डायकॉम फाइल (दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकावर उघडता येणारी) सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. छापील रंगीत चित्र पुरत नाही. रुग्णालयं काही वर्षांनी जुना डेटा काढून टाकतात, मशीन आणि सॉफ्टवेअर बदलतं. पेनड्राइव्हवरच्या फाइलची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ईमेलने पाठवून ठेवा. फाइल मोठी असते, त्यामुळे जाणार नाही असं दिसलं तर गूगल ड्राइव्हवर चढवा.